वॅक्स कुठलं ते नंतर ठरवू, आधी बोनेटवर काय चिकटलंय ते बघू

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहता, गडद निळी सेडान, चार वर्षं झाली, पार्किंग पोडियमखाली, धुवायला सोसायटीचं टँकरचं पाणी. शांपूने दोनदा धुऊनही बोनेटवर हात फिरवला की खरखर लागते, टपावर पांढरे थेंब वाळून बसलेत, आणि गाडी उन्हात आली की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात. दुकानदाराने रबिंग कंपाउंडचा, म्हणजे रंग घासून चकचकीत करायच्या पेस्टचा डबा दिलाय, क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ वडी, तुम्ही ऑनलाइन मागवलाय, आणि आता वॅक्स लावावं की घरच्या घरी लावायचं सिरॅमिक कोटिंग, हे विचारताय.

वॅक्स घ्या नाहीतर कोटिंग घ्या, अडचण तिथे नाहीच. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी म्हणजे तीन निरनिराळे आजार आहेत. खरखर म्हणजे रंगाला चिकटून बसलेले कण. पांढरे थेंब म्हणजे बहुतेक चुना. आणि जाळी म्हणजे रंगावर काही चिकटलेलं नाही, रंगालाच पडलेले बारीक चरे. तिन्हींवर एकच कंपाउंड घासलं तर कण सुटून फडक्याखाली फिरतील आणि नवे चरे पाडतील. चुन्याचं तेच. कंपाउंडला दिलेली मेहनत जाळी घालवायच्या ऐवजी जाळी वाढवण्यात जाईल. म्हणून तो डबा सध्या कपाटात ठेवा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हल्लीच्या गाडीत रंगावर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. चकाकी त्याचीच, ऊन-पावसापासून रक्षणही त्याचंच. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. स्वयंपाकघरात वाटीवर ताणून लावतो ती क्लिंग फिल्म १० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे तिचे चार-पाच थर एकावर एक ठेवले की झाला तुमचा क्लिअर कोट. दणकून कंपाउंड मारलं की त्यातले दोन ते चार मायक्रॉन जातात, आणि गेलेलं परत येत नाही. सगळी तयारी या एका हिशेबावर बेतायची: पाण्याने निघतं ते पाण्याने काढायचं, विरघळतं ते विरघळवायचं, आणि या दोन्हींनी हललं नाही तेवढ्यालाच घासायचं.

काही गोष्टी तुमच्या गाडीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच तपासा. एखादं दार किंवा बंपर इन्शुरन्समधून पुन्हा रंगवलाय का? रंगवून दोन महिने झाले नसतील तर त्या भागावर सध्या फक्त धुणं, बाकी काही नाही. जुना रिपेंट असला तरी तो कंपनीच्या रंगापेक्षा मऊ निघू शकतो, म्हणून तिथे हात हलका. रंग मॅट असेल किंवा वर पीपीएफ (रंगावर चिकटवतात ती पारदर्शक संरक्षक फिल्म) चढवली असेल तर क्ले आणि पॉलिश यांबद्दल खाली लिहिलेलं तुमच्यासाठी नाही. आणि ऋतू. जून ते सप्टेंबर ठाण्यात हे काम काढूच नका. हवा इतकी दमट असते की पुसलेलं पॅनल सुकत नाही, आणि कोटिंग कधी लवकर धरतं तर कधी चिकट राहून डाग पडतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. घाई असेल तर मार्च-एप्रिलमध्येही जमतं, पण सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच. तळहाताची मागची बाजू बोनेटवर ठेवा. गार लागलं तर काम सुरू करा, कोमट लागलं तर थांबा. गरम पत्र्यावर प्रत्येक रसायन वाळतं, आणि वाळलेलं रसायन हाच एक नवा डाग असतो.

आता पाणी, कारण घोडबंदर पट्ट्यातली निम्मी दुखणी पाण्याची आहेत. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, म्हणजे जड. असं पाणी गाडीवर वाळलं की थेंबाथेंबाची पांढरी कडी उरते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, एकदा मोजून बघा. आकडा दीडशेच्या आत असेल तर काळजी नको. चारशेच्या पुढे असेल तर धुवायला तेच वापरा, पण शेवटचा हात चांगल्या पाण्याचा द्या. चांगलं पाणी कुठून आणायचं? आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी आणू नका, ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. त्यापेक्षा एसीच्या नळीखाली बादली ठेवा. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी, त्यात क्षार नावालाच. आपल्याकडच्या दमट हवेत बेडरूमचा एसी रात्रभर चालला तर सकाळी बादली बरीच भरलेली असते. एसीच्या जाळीतली धूळ त्यात उतरते म्हणून जुन्या सुती कपड्यातून गाळून घ्या. संपूर्ण गाडीच्या शेवटच्या हाताला आठ-दहा लिटर पुरतं.

पोडियमखाली पाइप लावायला सोसायटी परवानगी देत नसेल तरी बिघडत नाही. दोन बादल्या, दोन लिटरचा हातपंप असलेला फोम स्प्रेयर आणि साठ-सत्तर लिटर पाणी एवढ्यात काम होतं. चाकं आधी, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या ब्रशने. ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचा भुगा असतो, तो बोनेटच्या बादलीत यायला नको. मग फोम. वरून खाली मारा, चार-पाच मिनिटं राहू द्या, वाळायच्या आत भरपूर पाण्याने उतरवा. हात न लावता जेवढी माती जाईल तेवढी कमाई. त्यानंतर मायक्रोफायबरचा हातमोजा. एका बादलीत शांपूचं पाणी, १० लिटरला बाटलीवर लिहिलं असेल तेवढं, बहुतेकांचं २० ते ३० मिली. दुसरीत साधं पाणी. एक पॅनल झालं की मोजा आधी साध्या पाण्यात खळखळून पिळायचा, मग शांपूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी काय बसतं ते शेवटी बघा, म्हणजे एका बादलीत गाडी का धुवायची नाही हे सांगावं लागणार नाही. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, आणि दारांखालच्या पट्ट्या व बंपर सगळ्यात शेवटी.

भांडी घासायचं लिक्विड चालेल का, असं हमखास विचारतात. एकदा वापरल्याने रंग जाणार नाही. पण त्याचा बुळबुळीतपणा गाडीच्या शांपूएवढा नसतो, त्यामुळे मोजा घसरण्याऐवजी घासला जातो, आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या कोरड्या पडतात. जुनं वॅक्स काढण्यासाठी वापरायचा विचार असेल तर तसं करायची गरज नाही, पुढच्या पायऱ्यांत ते निघतंच.

धुतल्यावर गाडी ओलीच ठेवा आणि टपावरच्या पांढऱ्या थेंबांकडे या. पोडियमच्या स्लॅबमधून पाणी झिरपतं तेव्हा सिमेंटमधला चुना सोबत घेऊन येतं. थेंब पडतो तेव्हा तो चांगलाच अल्कधर्मी असतो, आणि हवा लागली की त्याचा दगड होतो. वरून नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचा मोह होतो. खपली निघते, पण तिच्या कडा काचेसारख्या असतात, ती निघताना क्लिअर कोटवर रेघ ओढून जाते.

इथे साधं पांढरं व्हिनेगर घ्या, चायनीजच्या गाडीवर मिरच्या घालून ठेवतात तेच, चार-पाच टक्क्यांचं. तेवढंच पाणी मिसळा. टिश्यू पेपरची घडी त्यात भिजवून एका थेंबावर ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने कड उचलून बघा. थेंबाच्या भोवती बारीक बुडबुडे उठताना दिसले तर निदान पक्कं: चुनाच आहे, आणि तो विरघळतोय. तीन-चार मिनिटांनी घडी उचला, नवी भिजवून ठेवा. जाड थेंबाला असे पाच-सहा फेरे लागतात. थेंब आधी कडेने पातळ होतो, मग मधला टिपका राहतो, मग तोही बोटाखाली दह्यासारखा मऊ होऊन निघतो. जोर लावायचा क्षण येतच नाही, आला असं वाटलं तर आणखी एक घडी ठेवा. टिश्यू वाळू देऊ नका. शेवटी शांपूच्या पाण्याने तो भाग धुऊन टाका. क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर घडी जास्त वेळ ठेवू नका.

बुडबुडे आले नाहीत आणि डाग खोलगट दिसतोय, तर तिथे आता काही चिकटलेलं नाही, चुन्याने क्लिअर कोट खाल्लाय आणि ती खूण उरलीय. व्हिनेगर त्यापुढे हतबल आहे. उथळ असेल तर पुढे पॉलिशने जाईल, खोल असेल तर राहील, आणि राहू द्या. टॉयलेट साफ करायचं ॲसिड पाणी घालून लावा असा सल्ला पार्किंगमध्ये कुणीतरी देईलच. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चुना निघतो, सोबत क्रोमची चमक जाते, फटीत शिरलं तर पत्र्यावर गंज धरतो. आणि एक पार्किंगपुरतं: गळणाऱ्या जागेखाली गाडी तशीच लावणार असाल तर आधी सोसायटीकडून त्या सांध्याखाली पन्हळ बसवून घ्या. नाहीतर कोटिंगवरही हाच चुना पडणार, आणि कोटिंग त्याच्यापुढे फार टिकत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेचं सोपं आहे. ओलं मायक्रोफायबर दहा मिनिटं ठेवायचं आणि उचलायचं, पुसायचं नाही. झाडाचा चीक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला कापूस मिनिटभर.

डांबर चाकांमागे आणि दारांच्या खालच्या भागात असतं, काळे चिकट टिपके. टार रिमूव्हर नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. कपड्यावर घ्यायचं, टिपक्यावर मिनिटभर टेकवायचं, तपकिरी रेघ ओघळली की पुसायचं. थिनर मात्र नको. कंपनीचा भाजलेला रंग तो सहन करेल, पण रिपेंट केलेला बंपर आणि प्लास्टिक सहन करणार नाही. रॉकेलने डांबर निघतं, मागे तेलकट थर राहतो. वापरलंच तर तो भाग शांपूने पुन्हा धुवा. हे काम बंद बेसमेंटमध्ये करू नका, वाफा आणि ठिणगी यांचं जमत नाही.

आता खरखर. तुमच्या रस्त्यावरून जेएनपीटी बंदरातून गुजरातकडे जाणारे ट्रेलर जातात आणि गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबत उतरतात. त्यात मेट्रोच्या कामाचं गज कापणं, वेल्डिंग. हे तापलेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावर पडतात, रुततात आणि तिथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते मोहरीहून लहान नारिंगी ठिपके म्हणून दिसतात. निळ्या गाडीवर दिसत नाहीत, फक्त बोटांना लागतात. नवी मुंबईत रबाळे, तुर्भे, तळोजा इथल्या कारखान्यांच्या बाजूला किंवा रेल्वे रुळांना लागून गाडी उभी राहत असेल तर तिथेही हेच.

यावर आयर्न रिमूव्हर. त्यातलं रसायन लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि कण सुटतो. वास कुजलेल्या अंड्यासारखा, त्यामुळे मास्क आणि हातमोजे घाला आणि शेजाऱ्याची खिडकी बघून जागा निवडा. गाडी सावलीत, गार, आणि पाणी निथळलेली. एका वेळी अर्धी गाडी करा. सेडानला एका हाताला २०० ते २५० मिली लागतं. तीन ते पाच मिनिटं ठेवा, वाळू लागलं की लगेच पाण्याने उतरवा. तुमच्या निळ्या रंगावर जांभळे ओघळ दिसणार नाहीत, म्हणून काम होतंय की नाही हे कळायला दाराच्या खालच्या कडेला पांढरा टिश्यू टेकवा. त्यावर जांभळा डाग उमटला की समजा. दुसरा हात दिल्यावर टिश्यू जवळजवळ पांढरा राहिला तर लोखंड संपलं. उमटतच राहिला तर तिसरा हात आज नको, पुढच्या धुण्याला द्या.

इथपर्यंतचा क्रम: चाकं, फोम, दोन बादल्या, चुना, डांबर, लोखंड, आणि पुन्हा एकदा शांपू. यात रंगाला घासणारी एकही गोष्ट अजून आलेली नाही.

आता प्लास्टिकची पिशवी. भाजीची सर्वांत पातळ पिशवी हातात मोज्यासारखी घाला आणि ओल्या पॅनलवरून बोटं हलकेच फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून वाळूच्या कागदासारखा लागतो, कारण पिशवी त्वचेचं घर्षण काढून टाकते आणि उंचवटे तेवढे उरतात. प्रत्येक पॅनल असं तपासा आणि जिथे खरखर आहे तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. क्ले फक्त तिथे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण क्ले बार आणला की लोक अख्ख्या गाडीवर फिरवतात. क्ले स्वतः बारीक घासणारा पदार्थ आहे. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर त्याच्या पुसट खुणा दिसत नाहीत, गडद निळ्यावर दिसतात. तुम्ही नंतर पॉलिश करणार असाल तर मोकळेपणाने वापरा. पॉलिश करणारच नसाल तर फक्त टेप लावलेल्या जागी, आणि दारांवर लोखंड काढल्यावर खरखर उरली नसेल तर तिथे अजिबात नाही. वर्षातून एकदा पुरे.

क्ले फाईन ग्रेडचा घ्या. १०० ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करा, एकाच वेळी सगळी वडी वापरू नका. तुकडा पेढ्यासारखा मळून चपटा करा. पॅनलवर शांपूचं पाणी भरपूर फवारा, क्लेवरही. हातभर लांब-रुंद भाग घ्या, दोन बोटांनी सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल नाही. सुरुवातीला क्ले अडखळेल आणि सरकन असा आवाज येईल. दहा-बारा फेऱ्यांनी आवाज बंद होतो आणि क्ले काचेवर फिरल्यासारखा निसटतो. तो भाग झाला. दाब बोटांच्या वजनाचा, त्यापेक्षा नाही. पाणी कमी पडलं की क्ले रंगाला चिकटतो आणि पिवळट रेघ मागे ठेवतो. ती शांपूने जाते, पण ती दिसली म्हणजे फवारा कमी पडतोय. दर पॅनलला क्ले उलटा करून आतली स्वच्छ बाजू काढा. जमिनीवर पडला तर थेट कचऱ्यात, धुऊन वापरू नका, सिमेंटचा एक कण पुरतो. आपल्याकडच्या उकाड्यात क्ले फार मऊ पडत असेल तर मधूनमधून गार पाण्यात बुडवा. क्लेचा टॉवेल किंवा मिटही मिळतो. काम दुप्पट वेगाने होतं आणि खुणाही जास्त पडतात. सुरुवातीला वडीच बरी.

धुऊन एसीच्या पाण्याचा शेवटचा हात द्या आणि सुकवा. मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल पॅनलवर पसरायचा आणि दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढायचा. घासायचा नाही. आरसे, दारांच्या मुठी आणि नंबर प्लेटच्या मागे पाणी लपून बसतं, पाच मिनिटांनी ओघळतं, तेव्हा पुन्हा एकदा फिरा.

अंधार पडला की मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली या. पार्किंगच्या ट्यूबलाइटमध्ये ओरखडे लपतात, एकाच बिंदूतून येणाऱ्या प्रकाशात दिसतात. टॉर्च रंगापासून फूटभर लांब धरा आणि त्याच्या प्रतिबिंबाभोवती बघा. बारीक जाळी दिसली तर तीच पुसण्यातून आलेली. तिच्यात एखादी खोल एकटी रेघ असेल तर तिच्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर ती पॉलिशने जाणार नाही, तिच्यामागे लागून बाकीचा क्लिअर कोट झिजवू नका.

पॉलिश करायचंच का, हा निर्णय इथे घ्यायचा. हाताने घासून जाळी जात नाही. हाताने लावायच्या पॉलिशमधली तेलं ती काही आठवडे झाकतात, एवढंच. मशीन हवी आणि तीही ड्युअल ॲक्शन, म्हणजे फिरता फिरता डोलणारी, पाच इंची प्लेटची. नुसती एकाच जागी गरगर फिरणारी रोटरी सुरुवातीला नको, आणि ड्रिलला पॅड लावून तर नकोच. ड्रिल एकाच जागी तापवतं आणि कडेवरचा क्लिअर बघता बघता उडतो. मशीन विकत घ्यायची नसेल आणि जाळी तुम्हाला फार सलत नसेल, तर हा टप्पा सोडून द्या. स्वच्छ, गुळगुळीत पण जाळी असलेल्या रंगावर वॅक्स छान बसतं. सिरॅमिक कोटिंग मात्र जाळीवर लावू नका. ते खालचे चरे काही वर्षं जसेच्या तसे जपून ठेवतं.

करणार असाल तर आधी मास्किंग. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, लोगो, आणि बोनेटवरच्या धारदार घड्या व दारांच्या कडा, कारण कडेवर क्लिअर सगळ्यात पातळ असतो. हार्डवेअरच्या दुकानातली पिवळी मास्किंग टेप उन्हात तासाभरात डिंक सोडते, म्हणून काम झालं की लगेच काढा. मग बोनेटवर दोन वीत लांब-रुंद असा एक चौकोन आखा आणि तिथेच प्रयोग करा. मऊ फोम पॅड, फिनिशिंग पॉलिश, वाटाण्याएवढे चार ठिपके. मशीनच्या वेगाच्या एक नंबरवर पसरवा, मग चार-पाच नंबरवर चालवा. मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकली पाहिजे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. एकदा उभे, एकदा आडवे, असे चार फेरे. पुसा, टॉर्च लावा. सत्तर-ऐंशी टक्के जाळी गेली असेल तर तिथेच थांबा आणि सगळ्या गाडीला हेच लावा. नसेल गेली तर आधी पॅड बदला, एक पायरी कडक. पॉलिश त्यानंतर बदला. दुकानदाराने दिलेलं कंपाउंड या यादीत शेवटचं, आणि बहुतेक गाड्यांना तिथवर जावं लागत नाही. दर पॅनलनंतर पॅड ब्रशने झटका, नाहीतर आधीच्या पॅनलचा भुगाच पुढच्यावर घासला जातो. शेवटच्या टक्क्याचा नाद सोडा. तो मिळवण्यात जाणारा क्लिअर पुढच्या चार वर्षांत लागणार आहे.

पॉलिशची तेलं रंगावर राहिली तर कोटिंग धरत नाही. ती काढायला एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच-सहा भाग डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे दुकानात बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं ते. बॅटरीचं ॲसिड नव्हे, बाटली वाचून घ्या. हे कपड्यावर फवारून एक हात, दुसऱ्या कोऱ्या कपड्याने लगेच कोरडा हात. आणि मग तासाभरात वर काय लावायचं ते लावा, कारण समोर टॉवरचं काम चालू असलेल्या तुमच्या भागात स्वच्छ पॅनल तासाहून जास्त स्वच्छ राहत नाही. पहिल्यांदाच करताय तर माझं मत स्प्रे सीलंटला, म्हणजे फवारून पुसायच्या संरक्षक थराला. चुकलं तर ओल्या कपड्याने निघतं, तीन-चार महिने टिकतं. कोटिंग चुकलं तर वाळल्यावर पॉलिशनेच काढावं लागतं. शिवाय त्यानंतर निदान बारा तास, शक्यतो चोवीस, गाडीला थेंब लागता कामा नये, आणि गळणाऱ्या पोडियमखाली ही अट कशी पाळणार ते तुम्ही बघा.

वेळेचा अंदाज म्हणाल तर धुणं ते क्ले एक सकाळ, पॉलिश दुसरा पूर्ण दिवस. दोन्ही एका रविवारात कोंबू नका, चार वाजता हात दमतो आणि कडेवर मशीन तिरकी होते.

आणि तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. टपापासून खालपर्यंत सगळीकडे सारखी गोल जाळी असेल तर ती बहुधा सकाळी सहाला एक बादली आणि एका फडक्यात पंधरा गाड्या पुसण्यातून आलेली असते. त्यात पुसणाऱ्याचा दोष नाही, पंधरा गाड्यांना तेवढंच पाणी मिळतं. पण तुम्ही रविवारी केलेलं काम सोमवारी सकाळी त्याच फडक्याखाली येणार. त्याला तुमच्या गाडीपुरते दोन वेगळे कपडे द्या आणि सांगा, रोज फक्त काचा आणि चाकं, रंगाला हात लावायचा नाही, पैसे तेवढेच. पहिले चार-पाच दिवस त्याला पटणार नाही, धुळीची गाडी बघून तो सवयीने फडकं मारेलच. तेव्हा त्या आठवड्यात सहाला तुम्हीच खाली उतरा.